चित्रनलिका दूरचित्रवाणी संचातील शिटीसारखा आवाज

चित्रनलिका, म्हणजेच पिक्चर ट्यूब, असलेल्या जुन्या दूरचित्रवाणी संचातून सतत येणाऱ्या बारीक, शिटीसारख्या आवाजाचा उगम ध्वनिक्षेपकात नसून बहुधा पडद्यावर रेषा आखणाऱ्या परिपथात असतो. संचाचा आवाज शून्यावर आणल्यावरही तो ऐकू येतो, ही त्याची पहिली खूण. सपाट पडद्यांमुळे हे संच मागे पडले. तथापि बुलढाणा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागांत, डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या निःशुल्क डीटीएच सेवेमुळे त्यांचे आयुष्य वाढले. सेट-टॉप बॉक्सची वायर जुन्या संचाला जोडली की काम भागत असे.

उगम

भारतातील प्रक्षेपण ६२५ रेषांच्या पद्धतीचे होते. दर सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा. कृष्णधवल आणि रंगीत दोन्ही संचांना हाच हिशेब लागू पडतो. प्रत्येक रेषेसाठी इलेक्ट्रॉनांची शलाका एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेऊन झटक्यात परत आणावी लागते. त्यासाठी चित्रनलिकेच्या मानेवरील योक नावाच्या वेटोळ्यांतून आणि फ्लायबॅक रोहित्रातून सेकंदाला तितक्याच वेळा प्रवाह चढतो व उतरतो. या रोहित्राला कारागीर ‘ईएचटी’ किंवा ‘एलओटी’ म्हणतात. बदलत्या चुंबकीय बलामुळे त्याची वेटोळी आणि फेराइटचा गाभा कंप पावतात व १५,६२५ हर्ट्झचा स्वर उमटतो. अमेरिकेतील रंगीत संचांत तो सुमारे १५,७३४ हर्ट्झचा असे.

मंद आवाज हा दोष नव्हे. गाभ्याचा स्क्रू वा पट्टी सैल होणे, वेटोळ्यांवरील वॉर्निश सुटणे किंवा योकची रबरी पाचर निसटणे यांमुळे तो वाढतो.

कोणाला ऐकू येतो?

वाढत्या वयाबरोबर उच्च वारंवारतेचे ध्वनी ऐकण्याची क्षमता प्रथम घटते. त्यामुळे शेजारच्या खोलीतला संच सुरू आहे हे मुलांना सहज कळते, तर आजोबांना समोर बसूनही हा स्वर जाणवत नाही. मुलाची तक्रार ‘कानाचा भास’ म्हणून सोडून देणे म्हणूनच योग्य नाही. अनुभवी कारागिराच्याही कानाला तो लागेलच असे नाही. तपासणीच्या वेळी एखादी तरुण व्यक्ती जवळ असणे उपयोगी ठरते.

शोध

मोबाइलवरील ध्वनिवर्णपट दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये १५,६२५ हर्ट्झजवळ टोक दिसल्यास संशय फ्लायबॅक वा योकवर जातो. टोक अन्यत्र असल्यास वीजपुरवठ्याचे रोहित्र तपासावे. काही संचांत वीजपुरवठाही रेषांच्याच तालावर चालतो; तेथे ही कसोटी पुरेशी नसते. खालच्या स्वरातील घुमणारा आवाज बहुधा १०० हर्ट्झचा असून त्यामागे मुख्य धारित्राचा दोष असू शकतो. चरचर आणि ओझोनचा उग्र वास आल्यास ती उच्च दाबाची गळती समजून संच तत्काळ बंद करावा.

धोका

रंगीत चित्रनलिकेवर २०,००० व्होल्टपेक्षा अधिक दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो टिकून राहू शकतो. मुख्य धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. अनेक संचांची चासी थेट वीजवाहिनीशी जोडलेली असते. मागचे झाकण उघडणे हे घरगुती काम नव्हे. चित्रनलिकेतील भार सुरक्षितपणे उतरवण्याची रीत जाणणाऱ्यानेच ते करावे.

दुरुस्ती

प्लग काढून व भार उतरवून गाभ्याची पट्टी हलक्या हाताने घट्ट करतात. अति जोर दिल्यास ठिसूळ फेराइट तडकते. गाभ्याच्या दोन अर्ध्यांमधील पातळ कागदी किंवा प्लॅस्टिकची फट मुद्दाम ठेवलेली असते. ती निरुपयोगी समजून काढल्यास रोहित्राचे प्रेरकत्व बदलते आणि आऊटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. सैल वेटोळ्यांवर विद्युतरोधक वॉर्निश लावून पूर्ण वाळू देतात. योकची पाचर पुन्हा बसवताना त्याची जागा सरकल्यास चित्र तिरके होते, रंगही विलग होतात. पूर्णपणे राळेत ओतलेल्या फ्लायबॅकच्या आतून आवाज येत असेल, तर बाहेरून लेप देणे व्यर्थ असते. तो बदलावा लागतो. नवा भाग बसवण्यापूर्वी पुरवठ्याचा दाब मोजणे आवश्यक आहे, कारण वाळलेल्या धारित्रांमुळे तो वाढला असल्यास नवा फ्लायबॅकही फार टिकत नाही.

शिटी अचानक थांबून पडदाही काळा झाल्यास रेषा-परिपथच बंद पडल्याची शक्यता असते. तेव्हा तपासणी वीजपुरवठा आणि आऊटपुट ट्रान्झिस्टरपासून सुरू करतात.