घरबसल्या रेल्वेचे तिकीट

सकाळचे आठ वाजावयास पाच मिनिटे अवकाश असतो. चहा पेल्यात निवत असतो आणि घरातील मंडळी एका लहानशा पडद्याभोवती श्वास रोखून बसलेली असतात. वाचकहो, साठ दिवसांनंतरच्या प्रवासाची ही तयारी आपल्याही घरी होत असेल. गणपतीसाठी कोकण असो वा छठपूजेसाठी पाटणा, आठाचा ठोका पडताच सारा देश एकाच दारावर थाप मारतो.

२००२ च्या ऑगस्टमध्ये ही घरबसल्या सोय झाली, तेव्हा पैसे संगणकावर भरावयाचे आणि छापील तिकीट कुरिअरने यावयाचे! आज त्याचे हसू येते. २०१४ मध्ये नवी यंत्रणा आली आणि मिनिटाला दोन हजारांऐवजी सात हजार दोनशे तिकिटे निघू लागली. तरीही रांग संपली नाही. ती केवळ डोळ्यांआड झाली. शयनयानाच्या जुन्या डब्यात ७२ आणि नव्या बनावटीच्या डब्यात ८० शायिका असतात. यंत्र कितीही चपळ झाले, तरी ते एक्क्याऐंशीवी शायिका कोठून आणणार?

तथापि, जे थोडे आहे ते न्यायाने वाटले जावे, ही अपेक्षा रास्तच होय. तत्काळच्या जागा दलाल क्षणार्धात पळवितात, ही तक्रार जुनी आहे. म्हणून २०२५ च्या जुलैपासून आधारची पडताळणी झालेल्या खात्यांनाच तत्काळ तिकीट ऑनलाइन मिळू लागले. पहिला अर्धा तास अधिकृत दलालांसही मज्जाव झाला. मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांकही आवश्यक ठरला. उपाय योग्यच, पण त्याची झळ कोणास लागते, हेही पाहावे.

आमच्या शेजारी एक वृद्ध विधवा बाई राहतात. उपचारासाठी त्यांना नागपुराहून वेल्लोरला, म्हणजे काटपाडी स्थानकापर्यंत, जावयाचे होते. आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक त्यांच्या दिवंगत यजमानांचा, आणि तो केव्हाच बंद पडलेला. सांकेतिक क्रमांक कोठे येणार? तीन दिवस त्या एकट्याच खटपट करीत राहिल्या. कोणास सांगावयाचा संकोच. डॉक्टरांनी दिलेली तारीख हुकली. वास्तविक आपल्या खात्यावरून आप्तेष्टांसाठी वा स्नेह्यांसाठी तिकीट काढण्यास मुळीच बंदी नाही. बंदी आहे ती धंदा करण्यास. हे आम्हीच त्यांना आधी विचारावयास हवे होते.

आपल्या घरी कोणाचा आधार कोणत्या क्रमांकाशी जोडला आहे, हे आजच पाहून ठेवा. वडीलधाऱ्यांचे वय अचूक भरा. साठ वर्षांवरील पुरुषांस आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांस, शिल्लक असल्यास, खालची शायिका देण्याची तजवीज यंत्रणेतच आहे. प्रतीक्षायादीचे नुसते अंक पाहून मात्र हुरळू नका. गाडी जेथून सुटते तेथील सर्वसाधारण यादी लवकर पुढे सरकते. मधल्या स्थानकांची यादी निराळी आणि तिच्या वाट्याच्या जागा मोजक्या, म्हणून तेथील पाचवा क्रमांकही कित्येकदा तसाच राहतो. हा भेद तिकिटावर इंग्रजी आद्याक्षरांत असतो. तो प्रवाशाच्या भाषेत, दोन साध्या शब्दांत छापला, तर किती जिवांचा घोर वाचेल! आरक्षणाचा तक्ता पूर्वी चार तास आधी लागत असे. २०२५ मध्ये ती मुदत आठ तासांवर नेण्यास आरंभ झाला. परगावाहून गाडी गाठणाऱ्यास हे चार तास फार मोलाचे.

शेजारच्या बाईंना आता डॉक्टरांची नवी तारीख मिळाली आहे. आधार केंद्रावर जाऊन त्यांनी आपला क्रमांकही बदलून घेतला. साठ दिवस मागे मोजून त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही घरांच्या दिनदर्शिकांवर तांबडी खूण केली आहे. त्या दिवशी सकाळचा चहा आमच्याकडे ठरला आहे, पावणेआठला.