कवटीचा अस्थिभंग आणि चेहऱ्याचा पक्षाघात

रस्ते अपघातात डोक्याला इजा झाल्यास प्रथम रुग्णाचे प्राण वाचविण्याला प्राधान्य दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र रुग्णाचा एक डोळा मिटतो काय, ओठ एका बाजूस ओढले जातात काय, याची नोंद पहिल्याच तपासणीत होणे आवश्यक असते. पुढील उपचारांची दिशा या नोंदीवरच ठरते.

कारणमीमांसा

मेंदूशी निगडित १२ चेताजोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याच्या हालचालींचे नियंत्रण करते. ही चेता कानाजवळील शंखास्थीतल्या सुमारे ३ सेंटिमीटर लांबीच्या अरुंद अस्थिनलिकेतून जाते. हे हाड मोडल्यास ती तुटते, दबते किंवा सुजते. शंखास्थीच्या आडव्या अस्थिभंगात सुमारे निम्म्या रुग्णांना पक्षाघात होतो. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या अस्थिभंगात हे प्रमाण बरेच कमी असते.

शस्त्रक्रिया केव्हा?

पक्षाघात अपूर्ण असल्यास किंवा काही दिवसांनी उद्भवल्यास बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना सुधारतात. अपघाताबरोबरच पूर्ण पक्षाघात झाल्यास मात्र चेता तुटल्याची शंका बळावते. सीटी स्कॅनने अस्थिभंगाची जागा कळते. तुटलेली चेताही सुमारे ३ दिवस विद्युत उत्तेजनास प्रतिसाद देते. म्हणून विद्युत चाचणी त्यानंतर करतात. १४ दिवसांच्या आत ९० टक्क्यांहून अधिक तंतू निकामी आढळल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

कानामागील हाड कोरून नलिका उघडली जाते व दाब दूर केला जातो. चेता तुटली असल्यास टोके सांधतात किंवा मान अथवा पायातील संवेदी चेतेचा तुकडा जोडतात. चेतातंतू दररोज सुमारे १ मिलिमीटर वाढतात. त्यामुळे सुधारणेस अनेक महिने लागतात. तोवर उघड्या डोळ्याचे संरक्षण करावे लागते.

उपचारांची उपलब्धता

रायपूरमधील शंकर नगरच्या रहिवाशाला १९६३ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ पासूनचे एम्स शहरातच उपलब्ध आहे. बस्तरच्या दुर्गम गावातील जखमीस मात्र शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागतो. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळतात. या चेतेबाबतचा निर्णय मात्र दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबू शकतो. म्हणूनच प्राथमिक केंद्रावरील अचूक नोंद आणि वेळीच केलेली रवानगी यांना शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे.