परिचारिका : तिची विद्या आणि तिचे वेतन

गावातील एखाद्या मुलीने शालेय शिक्षण संपवून परिचारिका होण्याचे ठरविले, म्हणजे घरात व शेजारीपाजारी दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. "लोकांची घाण काढायची, एवढेच ना?" असे काहीजण म्हणतात. दुसरे म्हणतात, "केवढी ही सेवा! देव तिचे भले करो." पहिल्या उद्गारात तुच्छता आहे, दुसऱ्यात आदर आहे, पण या कामाला काही विद्या लागते, हे दोघांच्याही गावी नसते. मुलीचे लग्न जमविताना पहिला उद्गार आड येतो आणि तिचा पगार ठरविताना दुसरा. सेवाच करावयाची तर पैसे कशाला, असा हिशेब मांडणारे रुग्णालयचालक आजही आढळतात.

आपल्या पूर्वजांची समज याहून अधिक होती. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी जे चार गुण असावेत म्हणून सांगितले आहे, त्यांत पहिला उपचारांचे ज्ञान, दुसरा कौशल्य, तिसरा रोग्याविषयी माया आणि चौथा शुचिता. माया तिसऱ्या स्थानी आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. तीच गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची. हाती दिवा घेतलेली त्यांची मूर्ती सर्वांच्या परिचयाची आहे; परंतु १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने स्त्रियांपैकी प्रथम त्यांना सभासद करून घेतले, ते दिव्यासाठी नव्हे, तर सैनिक कशाने मरतात याचे जे चोख आकडे त्यांनी मांडले त्यासाठी. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली, तेव्हापासून परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय झाला.

या विद्येची खरी कसोटी औषध हतबल होते तेथे लागते. आम्हा भोपाळकरांना हे दुसऱ्या कोणी शिकवावयास नको. आमचे आनंदनगर शहराच्या पूर्व अंगास, रायसेनच्या रस्त्यावर आहे. युनियन कार्बाइडचा कारखाना शहराच्या उत्तरेस, जुन्या वस्तीला लागून. १९८४ सालच्या डिसेंबरातील २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री त्या कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता, तो पुढे वाढतच गेला. आणि इजा पोहोचलेल्यांची संख्या शासनाने २००६ मध्ये न्यायालयापुढे ५,५८,१२५ अशी सांगितली. त्या रात्री हमीदिया रुग्णालयाच्या आवारात माणसांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा वायू कोणता आणि त्यावर उतारा कोणता, हे तेथील डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. हा वायू जेथे ओलावा असेल तेथे, म्हणजे डोळ्यांत आणि फुप्फुसांत, भिनतो व तेथील नाजूक अस्तर जाळतो. उतारा हाती नसताना करण्याजोगे जे उरते, त्यांतील बहुतेक परिचर्येचेच काम असते. डोळे पाण्याने धुवावयाचे, त्यांत थेंब घालावयाचे, श्वास घेता यावा म्हणून रोग्याला उठवून बसते करावयाचे, प्राणवायू पुरेसा नसेल तर तो प्रथम कोणाला लावावयाचा हे श्वासाच्या गतीवरून व ओठांच्या रंगावरून ताडावयाचे. नुसत्या कळवळ्याने ही गोष्ट साधत नाही. शिकलेल्या डोळ्यालाच ती दिसते.

भोपाळची ती एक रात्र होती. उताराच नसलेल्या एका रोग्याची शुश्रूषा मुंबईस बेचाळीस वर्षे चालली, आणि ती परिचारिकांनी आपल्यातल्याच एका परिचारिकेची केली. अरुणा शानबाग हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. पण त्या हकीकतीतील परिचर्येचा भाग फारसा कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे सविस्तर देतो.

अरुणा रामचंद्र शानबाग ही कर्नाटकातील हळदीपूरची मुलगी, मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. तिचे लग्न ठरले होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून ती रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलावयास गेली असता तेथीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला व साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे तिची दृष्टी, वाचा, हालचाल, सारे गेले. वय अवघे पंचवीस. चोरी व जीवे मारण्याचा प्रयत्न या आरोपांखाली त्या माणसाला सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो बाहेरही पडला. अरुणा मात्र त्याच रुग्णालयातील चौथ्या क्रमांकाच्या वॉर्डाला लागून असलेल्या एका खोलीत १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे १५ हजारांहून अधिक दिवस, पडून होती.

तिच्या बाबतीत २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करविली, तेव्हा इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण झाला नसल्याची नोंद झाली. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस दोन महिने अंथरुणाला खिळले आहे, त्यांना या एका वाक्याचा अर्थ कळेल. माकडहाड, खुबा, टाच अशा ठिकाणी हाड व गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोहोचत नाही, आणि काही तासांतच कातडी मरू लागते. आधी नुसती लाली, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम, आणि तीतून विष अंगात भिनून मृत्यू. याला मलम नाही. रोग्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून देणे, कातडी कोरडी ठेवणे, चादरीची सुरकुती काढणे आणि लाली दिसताच ओळखणे, हाच उपाय. दोन तासांचा हिशेब धरला, तर अरुणाची कूस बदलण्याचे काम १ लक्ष ८० हजार वेळा करावे लागते. त्यांत रात्र आली, सणवार आले, पावसाळ्यात लोकलगाड्या बंद पडल्या ते दिवसही आले.

भरविण्याचेही तसेच. बेशुद्धप्राय माणसाच्या तोंडात घाईने घास घातला, तर तो अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसाचा दाह होतो. तरीही २०१० साली तापाने आजारी पडेपर्यंत अरुणाला नळीने नव्हे, तर हाताने, कुस्करलेले अन्न तोंडाने भरविले जात होते. मध्यंतरी, गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, ही खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेने तिला अन्यत्र हलविण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

आता एक गोष्ट पाहा. पालिकेच्या नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती येते. म्हणजे २०१५ साली त्या वॉर्डात काम करणाऱ्यांपैकी कोणीही अरुणाला हिंडताफिरताना सहकारी म्हणून पाहिलेले असणे शक्य नव्हते. कित्येकींचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. मैत्री तिच्या पिढीबरोबर निवृत्त झाली. मग हे काम चालले कशावर? आमच्या मते ते चालले ड्यूटी सोपविण्याच्या रीतीवर. पाळी संपवून जाणारी परिचारिका येणारीला खाटेपाशी उभी राहून सांगते : अमुक वाजता या कुशीवर केले, इतके खाल्ले, लघवी एवढी झाली, ताप एवढा, डाव्या टाचेवर लक्ष ठेव. ते वहीत लिहिले जाते, आणि नवी परिचारिका तेथून पुढे सुरू करते. घरात आई मुलासाठी जिवाचे रान करते, पण आई थकते, तिलाही दुखणे येते. ही रीत थकत नाही. माया ज्याची त्याच्यापाशी राहते. ज्ञान मात्र एका हातातून दुसऱ्या हातात देता येते. शाळेत परिचारिकेला जे शिकवितात, त्याचा गाभा हाच आहे.

अरुणाला अन्न देणे थांबवावे व तिला सुटका मिळावी, अशी याचिका तिच्याविषयी खरी कळकळ असलेल्या पत्रकार पिंकी विराणी यांनी केली होती. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांनी ती नामंजूर केली. उपचार थांबविण्यास काही प्रसंगी उच्च न्यायालयाच्या परवानगीने मुभा असू शकेल, असे तत्त्व त्यांनी त्याच निकालात मांडले. पण अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर परिचर्येच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखे आहे : ज्यांनी तिला रात्रंदिवस सांभाळले, त्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा. अन्न आणि पाणी हे औषध नसून माणसाची नित्याची निगा आहे, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २० मार्च २००४ रोजी डॉक्टरांच्या मेळाव्यात सांगितले होते. परळच्या परिचारिकांना ते ठाऊक असो वा नसो, त्यांचे वर्तन त्याला धरून होते.

परंतु याच हकीकतीला दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून परिचारिकांची नुसती स्तुती करणे आम्हाला ढोंगीपणाचे वाटते. अरुणा त्या दिवशी तळघरात का गेली होती? कपडे बदलण्यासाठी. ज्या मुली दुसऱ्यांच्या जिवाची राखण करतात, त्यांना दार लावून कपडे बदलण्यापुरती सुरक्षित जागा नव्हती. त्या घटनेनंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला. संप करणे सेवाभावाला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे कारण आठवावे.

वेतनाचेही असेच. संत लूकच्या शुभवर्तमानातील भला शोमरोनी आपल्याला पाठ आहे. पण गोष्टीचा शेवट आपण भरभर वाचून जातो. त्याने जखमीला उतारशाळेत नेले, रात्रभर स्वतः पाहिले, आणि सकाळी निघताना उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाला तर परत येताना तोही भरीन, असे सांगितले. एक दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. शुश्रूषा फुकट व्हावी, असे त्या दयाळू माणसाला वाटले नाही. आपल्या देशात, खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांची पिळवणूक सर्वोच्च न्यायालयापुढे आल्यावर, २०१६ साली एका तज्ज्ञ समितीने शिफारस केली की ५० खाटांहून लहान रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २० हजार रुपयांहून कमी वेतन नसावे, आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयात ते सरकारी परिचारिकेइतके असावे. अंमलबजावणी राज्यांकडे गेली. त्याहून पुष्कळ कमी पगारावर राबणाऱ्या, आणि ज्यांची मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात अडकून पडली आहेत अशा मुली अजूनही भेटतात. आई-वडिलांनी एवढे तरी पक्के करावे, की मूळ कागद कोणाच्याही स्वाधीन करावयाचे नाहीत, प्रत द्यावी.

परिचारिकांची संख्या हाही वेतनाइतकाच गंभीर प्रश्न आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे साध्या रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात पाच रोग्यांमागे एक परिचारिका हवी, शिकविणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक. तीस-चाळीस खाटांना रात्रपाळीला एकटी परिचारिका असली, तर कूस कोणाची बदलणार आणि टाच कोणाची पाहणार?

शेवटी प्रवेशासंबंधी. ए. एन. एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावच्या उपकेंद्रातील नर्सबाई बहुधा हा केलेल्या असतात, आणि पाच हजार वस्तीची लसटोचणी, बाळंतपणे व नोंदी त्यांच्यावर असतात. जी. एन. एम. तीन वर्षांचा, आणि बी. एस्सी. नर्सिंग हा बारावीला शास्त्रशाखा घेतलेल्यांसाठी चार वर्षांचा. जी. एन. एम. व बी. एस्सी. नर्सिंगचे शिक्षण मुलग्यांनाही खुले आहे. परिचारकांचे आश्रयदाते संत कामिलुस हे पूर्वायुष्यात शिपाईगडी होते, हे लाजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पण आमच्या मध्यप्रदेशात प्रवेशापूर्वी डोळे उघडे ठेवणे अगत्याचे झाले आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने परिचर्या महाविद्यालयांची तपासणी केली. २०२४ साली पुढे आलेल्या त्या अहवालानुसार ३०८ पैकी १६९ महाविद्यालये योग्य, ७३ उणिवा असलेली आणि ६६ अपात्र ठरली. पुढे तपासणाऱ्यांपैकीच काही अधिकारी लाचेच्या आरोपाखाली पकडले गेले आणि फेरतपासणी करावी लागली. या घोळात हजारो विद्यार्थिनींच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या. कर्ज काढून, शेत गहाण टाकून भरलेले शुल्क त्यांत अडकले.

म्हणून, महाविद्यालयाचे रंगीत पत्रक पाहून पैसे भरू नयेत. भारतीय परिचर्या परिषदेची व राज्य परिषदेची चालू वर्षाची मान्यता मागून पाहावी. जी. एन. एम. अथवा बी. एस्सी. शिकविणाऱ्या संस्थेचे स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय असावे, असा दंडक आहे. ते कोठे आहे हे विचारावे, आणि न सांगता, एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी, स्वतः तेथे जावे. खाटांवर रोगी आहेत की नुसत्या गाद्या, हे पाहावे. शिकणाऱ्या मुली वॉर्डात दिसतात का, त्यांच्याबरोबर शिकविणारी कोणी आहे का, हेही पाहावे. आणि मुलींना कपडे बदलावयास खोली कोठे आहे, हे विचारण्यास संकोचू नये.