ग्राहक कोणत्या शब्दांनी शोधतो? तळोजा परिसरातील लघुउद्योजकांसाठी काही विचार

तळोजा औद्योगिक वसाहतीच्या आसपास आणि सिडकोने वसविलेल्या फेज १ व फेज २ या वस्त्यांमध्ये छोटे व्यवसाय पुष्कळ आहेत. कोणी ग्रील आणि पत्र्याच्या शेड तयार करून देतात, कोणी कामगारांना डबे पुरवितात, तर कोणी घरच्या घरी केक करून विकतात. यांपैकी काहींनी पदरमोड करून स्वतःचे संकेतस्थळ तयार करून घेतले आहे. परंतु महिनोन्‌महिने त्यावरून चौकशीचा एक फोनही येत नाही. मग पुन्हा दलालाची पायरी चढावी लागते आणि मिळालेल्या कामातील नफ्याचा वाटा त्याला द्यावा लागतो. आमच्या मते याचे कारण बहुधा संकेतस्थळाच्या सजावटीत नसून त्यावरील शब्दांत असते.

गूगलसारखे शोधयंत्र जगभरातील पाने वाचून त्यांची सूची ठेवते आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून जुळणारी पाने पुढे करते. समानार्थी शब्द त्याला बऱ्याच अंशी कळतात, पण जी गोष्ट पानावर लिहिलेलीच नाही, ती ते कोठून आणणार? फॅब्रिकेशनचा कारखानदार ‘स्ट्रक्चरल सोल्युशन्स’ असे मोठ्या अक्षरांत लिहितो; फेज १ मधील गृहिणी मात्र ‘बाल्कनीची ग्रील’, ‘खिडकीवर पत्र्याची शेड’, ‘स्क्वेअर फुटाला भाव’ असे शोधते. दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत असतात, पण त्यांची गाठ पडत नाही.

म्हणून शब्दांचा शोध संगणकावर नव्हे, तर गल्ल्यावर आणि दूरध्वनीपाशी सुरू करावा, असे आम्ही सुचवितो. एक साधी वही ठेवावी. महिनाभर प्रत्येक ग्राहकाने पहिले वाक्य काय उच्चारले, ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. आपल्या भाषेत सुधारून लिहू नये. ‘गंज लागणार नाही ना?’, ‘सोसायटीची परवानगी लागते का?’, ‘माप घ्यायला घरी येता का?’ असे प्रश्न त्यात सापडतील. यातील प्रत्येक प्रश्न हा संकेतस्थळावरील एका लेखाचा विषय आहे. विषय सुचत नाहीत, ही तक्रार त्यानंतर फारशी उरत नाही.

आपल्या भागात गावाच्या नावाचा प्रश्नही लहान नाही. औद्योगिक वसाहतीला सारे ‘तळोजा’ म्हणतात, दिवा–पनवेल मार्गावरील रेल्वे स्थानक ‘तळोजे पांचनंद’ आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या बेलापूर–पेंधर मेट्रोवर ‘पेठाली-तळोजा’ व ‘पेंधर’ अशी स्थानके आहेत. रोमन लिपीत लिहिताना कोणी शेवटी ‘आ’ लावतो, तर कोणी ‘ए’. शिवाय नव्याने राहावयास आलेली कुटुंबे खारघरच्या नावानेही शोधतात. त्यातच मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा येथे कानी पडतात, आणि मराठी माणूसही पुष्कळदा रोमन अक्षरांत मराठी टंकलिखित करतो. तेव्हा पत्त्याच्या परिच्छेदात ‘तळोजे पांचनंद स्थानकापासून किती अंतरावर, कोणत्या फेजमध्ये, कोणत्या सेक्टरमध्ये’ हे सरळ वाक्यांत लिहावे. एक पान मराठीत व एक इंग्रजीत असल्यास उत्तम. मराठी पान युनिकोडमध्येच असावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर किंवा चित्र म्हणून चिकटविलेले दरपत्रक शोधयंत्राला नीट वाचता येईलच असे नाही.

वहीतील शब्द हाती आल्यावर ते पारखून पाहण्याची साधने विनामूल्य आहेत. शोधचौकटीत अर्धा शब्द लिहिला की खाली येणाऱ्या सूचना पाहाव्यात. लोक तसे शोधतात म्हणूनच त्या बहुधा येतात. गूगल ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाचा वर्षभरातील चढउतार दिसतो. प्लम केकची विचारणा डिसेंबरमध्ये वाढते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण ती कोणत्या आठवड्यापासून चढू लागते, हे घरगुती केक विकणाऱ्या भगिनीने पाहून ठेवावे. तेथील ० ते १०० हे आकडे तुलनात्मक असतात, माणसांची संख्या नव्हे. जाहिरातदारांसाठी असलेल्या कीवर्ड प्लॅनरमध्ये महिन्याच्या शोधांचा अंदाज मिळतो. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्यास तो ढोबळ टप्प्यांतच दिसतो. तळोज्यासारख्या ठिकाणी पुष्कळदा आकडा अत्यल्प येईल किंवा येणारच नाही. त्याने खचू नये. दररोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न विचारलेले असतात, असे स्वतः गूगलच सांगत आले आहे. आणि छोट्या कारखान्याला महिन्याला चार खरे ग्राहक मिळाले तरी पुरेसे असतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. पानाच्या आत दडविलेल्या कीवर्डच्या यादीसाठी आजही कोणी पैसे मागत असल्यास नम्रपणे नकार द्यावा. क्रमवारीसाठी आपण ती यादी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. कळंबोली, कामोठे, उरण, पेण अशी केवळ नावे बदलून एकच मजकूर दहा पानांवर चढविणे हेही नियमबाह्य ठरते. जेथे आपला टेम्पो जात नाही तेथे सेवा देतो असे लिहिणे तर ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

मजकूर केव्हा प्रसिद्ध करावा, यालाही महत्त्व आहे. पत्र्याच्या शेडविषयीचे पान जूनमध्ये पहिली सर कोसळल्यावर लिहून उपयोग नाही. नव्या पानाची दखल घ्यावयास शोधयंत्राला कधी काही दिवस, तर कधी काही आठवडे लागतात. ते मार्च-एप्रिलमध्येच तयार असावे. त्यात पत्र्याची जाडी, रंगाचा थर, लागणारे दिवस, भाव कशावर ठरतो आणि स्वतः केलेल्या कामाची दोन छायाचित्रे असावीत. भाव लिहावयास अनेक जण कचरतात. निदान ‘येथपासून येथपर्यंत’ इतके तरी सांगावे, कारण ग्राहक सर्वप्रथम तेच शोधत असतो.

यानंतर गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत आपले संकेतस्थळ नोंदवावे. कोणत्या शब्दांवर आपले पान दिसले आणि किती जणांनी ते उघडले, हे तेथे कळते. अगदी विरळ शोध मात्र गोपनीयतेसाठी वगळलेले असतात. पान दिसते पण उघडले जात नाही, असे आढळल्यास शीर्षक बदलून पाहावे. ही माहिती १६ महिन्यांपर्यंत मागे पाहता येते, म्हणजे गेल्या पावसाळ्याची या पावसाळ्याशी तुलना करता येते.