जीपचा गणवेश आणि रुबाब

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांसाठी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. युद्ध संपत आले असता, १९४५ साली, अमेरिकेतील विलीस कंपनीने तिची मुलकी आवृत्ती बाजारात आणली. दोहोंतील फरक वरकरणी किरकोळ वाटावेत असेच होते. लष्करी गाडीची मागील बाजू बंद असे; मुलकी गाडीस माल चढविण्यासाठी फाळका मिळाला आणि मागचे जादा चाक कडेला सरकले. शत्रूच्या नजरेस पडू नयेत म्हणून बसविलेले मंद दिवे गेले. गिअरची रचना बदलून वेगापेक्षा ओढीवर भर देण्यात आला. इंजिनाच्या शक्तीवर मळणीयंत्र चालविण्याची सोयही हवी त्यास मिळू लागली. यातील बहुतेक बदलांमागे शेतकऱ्याची गरज होती.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीसच्या जीपगाड्या जोडावयास घेतल्या. येथील शेतकऱ्याच्या बांधावर मात्र जीप येई ती बहुधा साहेबांना घेऊन. गाडीचा गणवेश उतरला, रुबाब तेवढा राहिला. लष्करी वाहन मुलकी करणे कारखान्यास साधते. त्यातून उतरणाऱ्या सत्तेस लोकाभिमुख करणे हे नागरिकांनाच साधावे लागेल.