आलं किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं? पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. मध्येमध्ये घेतलेले पाण्याचे घोट आणि "अं... अं..." काढून टाकलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

एरवी इथं आपण कोडिंग, नोकरी, इंटरव्ह्यू असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. गेले तीन महिने नवा भाग आला नाही, कारण माइकसमोर बसलं की मला उमासे यायचे. तर हो, मला दिवस गेलेत. आता सतरावा आठवडा चालू आहे आणि परवा पहिल्यांदा मी कांद्याच्या फोडणीच्या वासात उभी राहून पोहे केले. म्हटलं, आता बोलायला हरकत नाही.

मी मूळची साताऱ्याची, सासर सांगलीचं. काम घरून चालतं, त्यामुळे लॅपटॉप आणि मी दोन्हीकडे ये-जा करत असतो. सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली आणि दोन्ही घरांतून उपाय यायला लागले. गंमत म्हणजे ज्या जिल्ह्यात जे पिकतं तेच औषध म्हणून आलं! साताऱ्याहून आलं, सांगलीहून बेदाणे आणि हळद. यातलं काय खरंच उपयोगी पडतं, किती घ्यायचं आणि घरगुती उपाय कधी बाजूला ठेवायचे, एवढंच आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही, बीटेक आहे. पण जे सांगतेय ते वाचून, डॉक्टरांना विचारून आणि थोडं स्वतःच्या अंगावर काढून शिकलेलं आहे.

मुळात मळमळतं कशामुळे?

दहातल्या सात-आठ गरोदर बायकांना हा त्रास होतो. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, आठव्या ते दहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकींचा चौथ्या महिन्यात ओसरतो. "सकाळची मळमळ" असं म्हणतात, पण ती सकाळपुरती थांबत नाही. माझी तर संध्याकाळी चार वाजता, नेमकी टीमची मीटिंग असताना यायची.

बरीच वर्षं सगळा दोष गरोदरपणातल्या एचसीजी हार्मोनवर टाकला जायचा. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक महत्त्वाचं संशोधन आलं. मार्लेना फेझो आणि स्टीफन ओ'राहिली यांच्या गटाने दाखवलं की जीडीएफ१५ नावाचं एक हार्मोन यात मोठा भाग घेतं. ते गर्भाकडून आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं. ज्या बाईच्या अंगात हे हार्मोन आधीपासून कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला जास्त त्रास होतो. फेझो बाईंना स्वतःच्या गरोदरपणात हा त्रास इतका झाला होता की १९९९ मध्ये त्यांचं मूल गेलं. नंतर त्यांनी हाच विषय संशोधनाला घेतला.

हे सांगायचं कारण एवढंच, की "मनाचे खेळ आहेत" किंवा "आजकालच्या पोरींना सोसत नाही" असं कोणी म्हणालं तर उत्तर तयार ठेवा. हा त्रास रक्तातून येतो.

साताऱ्याचं आलं

माझं आजोळ कोरेगाव तालुक्यातलं. तिथं आल्याचा भाव किलोवर नाही, गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे ५०० किलो. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावण आणि पुढे आठ-नऊ महिन्यांनी काढणी. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पोरी, आल्याचा तुकडा मिठाला लावून चघळ, बघ कसं बसतंय." एसटीनं प्रवास करताना मला गाडी लागायची, तेव्हाही तिचा हाच उपाय होता.

आजीचं म्हणणं तपासायला मी वाचायला बसले, तर आल्यावर चांगल्या चाचण्या झालेल्या सापडल्या. थायलंडमध्ये ७० गरोदर बायकांवर एक चाचणी झाली, ती २००१ मध्ये छापून आली. निम्म्या जणींना सुंठेची कॅप्सूल दिली, दिवसाला १ ग्रॅम, चार भागांत. बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल. चार दिवस हे चाललं. शेवटी सुंठवाल्या ३२ पैकी २८ जणींना बरं वाटलं, दुसऱ्या गटात ३५ पैकी १० जणींना. ऑस्ट्रेलियात २९१ बायकांवर झालेल्या चाचणीत आलं आणि बी-६ जीवनसत्त्व यांची तुलना केली, तर दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. एक मात्र लक्षात ठेवा, आल्यानं मळमळ कमी होते हे बऱ्यापैकी दिसतं, उलट्या थांबतात याचा पुरावा तेवढा भक्कम नाही.

आता प्रमाण. चाचण्यांमधला आकडा दिवसाला १ ग्रॅम सुंठ, आणि घरी तोच धरून चालायचं. चहाचा पाव चमचा सुंठ पूड म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. म्हणजे दिवसभरात मिळून अर्धा चमचा, तोही तीन-चार वेळा थोडाथोडा. ओल्या आल्यात पाचात चार भाग पाणीच असतं, त्यामुळे १ ग्रॅम सुंठेला साधारण ५ ग्रॅम ओलं आलं लागतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा १० ग्रॅमच्या आसपास भरला. त्यातला अर्धा दिवसभराला पुरे.

मी तो बारीक किसून कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे, गाळून वर लिंबू पिळायचे आणि घोटघोट प्यायचे. आलेपाकाच्या वड्याही चालतात, पण त्यात साखरच जास्त असते. साखरेचा त्रास असेल तर त्या नकोत. आल्यानं काही जणींची छातीतली जळजळ वाढते, माझीही रिकाम्या पोटी वाढायची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा अंगावरून रक्त जात असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून आलं घेऊ नका. आमटीतल्या, चहातल्या आल्याला यातलं काही लागू नाही.

सांगलीचे बेदाणे, आणि हळदीचं दूध

सासूबाईंनी उशाशी एक डबी ठेवली होती. त्यात तासगावचे बेदाणे, फुटाणे आणि साळीच्या लाह्या. म्हणाल्या, "बाळा, उठायच्या आधी चार दाणे तोंडात टाक, मग पाय खाली ठेव." हा उपाय साधा आहे, पण मला आल्याइतकाच उपयोगी पडला. रात्रभर पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते. उठण्याआधी थोडं कोरडं खाल्लं आणि दहा मिनिटं पडून राहिलं की पहिला झटका टळतो. बेदाण्यातली साखर लगेच लागते, फुटाण्यातली प्रथिनं जरा टिकतात. पुढे दिवसभर दर दीड-दोन तासांनी मूठभर काहीतरी. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको.

हळदीच्या दुधाचं मात्र थोडं जपून. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, घरी सगळ्यांना तिचा अभिमान आहे, मलाही आहे. पण मळमळीवर हळद काम करते असा पुरावा नाही. भाजीत, आमटीत नेहमीएवढी हळद बिनधास्त घ्या. चमचे भरभरून हळद किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल गरोदरपणात नकोत. हे सासूबाईंना कसं सांगायचं याचंच मला टेन्शन होतं. शेवटी म्हटलं, "आई, दुधाच्या वासानंच मला उलटी होतेय." त्यांनी दूध बाजूला ठेवलं आणि आमसुलाचं सार केलं. ते मात्र पोटात टिकलं.

बाकीचं थोडक्यात

गरम जेवणापेक्षा गार जेवणाला वास कमी, म्हणून दहीभात, गार भाकरी चालून जाते. फोडणीच्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी, आणि फोडणी नवऱ्याने द्यायची. (आमच्याकडे तो आता उत्तम आमटी करतो.) लिंबाची साल नखाने खरवडून हुंगली की बऱ्याच जणींना बरं वाटतं. पाणी जेवताना गटागटा नको, जेवणाच्या मध्ये घोटघोट. दात उठल्याउठल्या न घासता थोड्या वेळाने घासा, आणि उलटी झाल्यावर लगेच न घासता आधी नुसती चूळ भरा. मनगटावरचा दाबबिंदू, म्हणजे मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मध्ये, दाबून बघायला हरकत नाही. त्याचा पुरावा संमिश्र आहे, पण अपाय काही नाही.

लोहाच्या गोळीनं मळमळ वाढते. सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून देतात, त्याआधी फॉलिक अॅसिड. तुम्हाला आधीच लोह चालू असेल आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारा. पण फॉलिक अॅसिड स्वतःहून बंद करू नका.

आणि कुणाच्या सांगण्यावरून अनोळखी काढे, पुड्या, भाजकी माती घेऊ नका. "नैसर्गिक आहे" म्हणजे "बाळाला चालतं" असं नसतं. मातीत शिसं असू शकतं.

माझं कुठे चुकलं

आता ज्यासाठी हा भाग केला ते सांगते. हे सगळे उपाय मी मन लावून केले. नवव्या आठवड्यात मात्र ते चालेनासे झाले. पाण्याचा घोटही परत यायचा. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मलाही पाचव्या महिन्यापर्यंत असंच होतं. होतं गं." नात्यातल्या सगळ्यांनी तेच सांगितलं. मलाही वाटलं, आपणच नाजूक. आल्याचं पाणी वाढवून बघितलं, मग लाह्यांचं पाणी, मग कोकम. असे पाच दिवस काढले. पाचव्या दिवशी लक्षात आलं की सकाळपासून लघवीलाच गेलेले नाही. उठले तर डोळ्यांपुढे अंधारी.

दवाखान्यात वजन केलं. दिवस जायच्या आधी ५४ किलो होते, आता ५०.५. लघवीत कीटोन आले होते, म्हणजे अन्न मिळत नाही म्हणून शरीर स्वतःची चरबी जाळत होतं. दोन दिवस सलाईन, जोडीला थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन. डॉक्टर रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तीन दिवस आधी यायला हवं होतंस."

ऑफिसात सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली तरी माझ्या फोनवर अलार्म वाजतो, तो मीच लावलाय. स्वतःसाठी असा एकही आकडा मी ठरवलेला नव्हता. साधी मळमळ आणि हा आजार, याला हायपरएमेसिस म्हणतात, यांच्यातली रेघ ओळखायला आकडेच लागतात. २०१२ मध्ये ब्रिटनच्या केट मिडलटन यांना याच आजारासाठी रुग्णालयात ठेवलं होतं, म्हणजे यात नाजूकपणाचा काही संबंध नाही. तर हे लिहून फ्रीजवर लावा:

- २४ तासांत पाणीसुद्धा पोटात टिकलं नाही
- आठ तास लघवी झाली नाही किंवा अगदी गडद झाली
- आधीच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं (५४ किलोला हे २.७ किलो होतं)
- उभं राहताना चक्कर, अंधारी
- उलटीत रक्त, ताप, पोटात दुखणं, लघवीला जळजळ
- नवव्या आठवड्यापर्यंत काहीच नव्हतं आणि नंतर एकदम उलट्या सुरू झाल्या (कारण दुसरं असू शकतं)

यातलं एक जरी झालं तरी आलं, लिंबू, लाह्या सगळं बाजूला ठेवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. गावात आशाताईंना सांगा.

गोळीची भीती

मी पाच दिवस थांबले त्यामागे आणखी एक कारण होतं. "या दिवसांत गोळी घ्यायची नाही" हे डोक्यात पक्कं बसलेलं. ही भीती अगदीच उगाच नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि १९६१ मध्ये मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांवर मुलं हातापायांच्या आणि इतर व्यंगांसह जन्मली. त्यानंतर औषधं तपासण्याचे नियमच बदलले.

आज डॉक्टर बहुधा आधी देतात ती डॉक्सिलामाइन आणि बी-६ ची गोळी. हिच्यावरही अमेरिकेत खटले झाले होते, कंपनीने १९८३ मध्ये ती मागे घेतली. पुढे इतक्या गरोदर बायकांवरचा अभ्यास झाला आणि व्यंग वाढल्याचं दिसलं नाही, की २०१३ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेने तिला पुन्हा मान्यता दिली. मला तीच गोळी दिली. झोप फार यायची, पण दोन दिवसांनी वरणभात पोटात राहिला. ही गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही, डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

परवा आजीचा फोन आला होता. म्हणाली, "माझ्या आल्यानं गुण आला नाही व्हय?" मी म्हटलं, "आला गं आजी, पण एवढ्या मोठ्या आजाराला ते पुरलं नाही." ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिच्या जावेचं असंच झालं होतं, ओकून ओकून. ती वाचली नाही. सगळे म्हणत होते, होतं असं.

तर मंडळी, घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिला आलं जरूर पाठवा. सोबत वरची यादीही पाठवा, आणि रोज एकदा विचारा, पाणी टिकतंय का? पुढच्या भागात नेहमीप्रमाणे कोडिंगवर बोलू. काळजी घ्या.