‘समृद्धी’वर टायरमधील हवा कमी झाली, तर गाडीला कसे कळते? समजून घ्या ‘टीपीएमएस’चे गणित

बुलढाणा : गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखे एक पिवळे चिन्ह क्षणभर दिसते. त्यात मधोमध उद्गारवाचक खूण असते. चालत्या गाडीत हेच चिन्ह पेटले, तर अनेक जण ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणत गाडी तशीच दामटतात. गावातल्या रस्त्यावर ते एक वेळ खपून जाते. मात्र मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर हा उशीर महागात पडू शकतो.

‘समृद्धी’वर टायरची एवढी चर्चा का?

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. तेव्हापासून अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे कारण हमखास ऐकू येते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बसला भीषण आग लागून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने बस उलटल्याचे सुरुवातीला सांगण्यात आले. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. त्यामुळे प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडता येत नाही. मात्र टायरची काळजी चालकाच्या पूर्णपणे हातात असते, हेही तितकेच खरे.

हवा कमी असली की नेमके काय होते?

ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या कारचे चाक सेकंदाला साधारण १७ वेळा फिरते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा ताणली जाते. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच इथेही होते. रबर आणि त्यातील तारांचे थर तापतात, एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो. म्हणजे उन्हाळ्यात टायर फुटण्याची भीती जास्त हवेपेक्षा कमी हवेची अधिक असते. एप्रिल-मे महिन्यात ‘गरम होऊन हवा वाढेल’ म्हणून मुद्दाम दोन-चार पीएसआय कमी भरणारे चालक म्हणूनच उलटा धोका ओढवून घेतात.

गाडीला हे कळते कसे?

टायरमधील दाबावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेला ‘टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम’ म्हणजेच टीपीएमएस म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत.

थेट मोजणारी : प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला छोटा सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजून रेडिओ लहरींद्वारे गाडीतील संगणकाला कळवतो. प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र क्रमांक असल्याने कोणत्या चाकात किती हवा आहे, हे बहुतेक गाड्यांत स्क्रीनवर दिसते. सेन्सरमधील बॅटरी साधारण ५ ते १० वर्षे चालते. टायर बदलताना फिटरचा पाना चुकीच्या जागी लागला, तर सेन्सर तुटू शकतो. त्यामुळे ‘आत सेन्सर आहे’ हे त्याला आधीच सांगावे.

अंदाज बांधणारी : यात चाकात सेन्सर नसतो. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातच असतो. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि तेवढेच अंतर कापायला इतरांपेक्षा जास्त फिरते. हा फरक संगणक टिपतो. ही पद्धत स्वस्त आहे, पण नेमका आकडा सांगत नाही. चारही चाकांतील हवा सारखीच हळूहळू उतरली, तर फरक ओळखणे तिला अवघड जाते. शिवाय हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर ती ‘रीसेट’ करावी लागते. कमी हवेवरच रीसेट केली, तर गाडी तोच दाब योग्य समजते.

दिवा उशिरा पेटतो, हे लक्षात घ्या

अमेरिकेत नव्या गाड्यांना २००७ पासून ही यंत्रणा बंधनकारक आहे. तिथल्या नियमानुसार शिफारस केलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्के कमी झाली की इशारा मिळायला हवा. म्हणजे ३३ पीएसआयच्या टायरमध्ये दिवा पेटेपर्यंत हवा २५ पीएसआयच्या आसपास आलेली असू शकते. युरोपीय नियमात एका चाकातील हवा २० टक्के घटल्यावर इशारा देण्यासाठी १० मिनिटांपर्यंतची मुभा आहे. १२० च्या वेगाने १० मिनिटांत गाडी २० किलोमीटर पुढे जाते!

भारतात कारला टीपीएमएसची सक्ती नाही. मात्र २०२० मधील नियमबदलानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत टीपीएमएस आणि टायर दुरुस्तीचे किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते. म्हणून नवी गाडी घेताना मागे स्टेपनी आहे की फक्त किट, हे आधी पाहा.

दिव्याला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. टायर किती जुना आहे, खाचा किती झिजल्या, बाजूला चीर किंवा फुगवटा आहे का, हे टीपीएमएस सांगत नाही. शेतरस्त्यावर बाभळीचा काटा रुतला, तर ट्यूबलेस टायरमधील हवा एकदम जात नाही, दिवसेंदिवस थोडी थोडी उतरते. अशा वेळी दिवा पेटण्याआधी साधा प्रेशर गेजच उपयोगी पडतो.

‘समृद्धी’वर चढण्यापूर्वी हे करा

- हवा थंड टायरमध्ये तपासा. सकाळी, गाडी फार चालण्याआधी. ३० अंशांवर ३३ पीएसआय असलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला, की तोच आकडा ३७-३८ दिसतो. हे स्वाभाविक आहे. गरम टायरमधून हवा सोडू नका.
- आकडा स्टिकरवरून घ्या. तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो. लग्नाला सात जण आणि सामान घेऊन निघाला असाल, तर पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, तो पाळा.
- टायरचे वय वाचा. बाजूवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा.
- खाचा पाहा. कारसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. खाचांमधील छोट्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले, तर टायर बदला.
- नायट्रोजनवर विसंबू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला तरी दाब तपासावाच लागतो.

धावत्या गाडीत दिवा पेटला तर?

जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, इंडिकेटर देऊन डावीकडील कडेच्या पट्टीवर थांबा आणि पार्किंग लाइट लावा. प्रवाशांना गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे, रस्त्यापासून दूर उभे करा. मदतीसाठी ११२ वर फोन करा. दिवा काही वेळ लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत तो कमी हवेचा नव्हे, यंत्रणेतील बिघाडाचा इशारा असतो. अशा वेळी चारही टायर गेजने तपासून घ्या आणि गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा.